जिल्हा परिषदेच्या ढासळत्या शाळा खरंच सावरता येतात का?

येतात, पण एकेक शाळा सुटी धरून नाही. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) बघा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी बीटमधल्या शिक्षकांना एकत्र घेऊन ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवतं या विचारावर, काम केलं. फरशीवर आखलेल्या चौकटी, खडे, बाटल्यांची झाकणं, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. मूल जमिनीवर बसून हातचा स्वतःच शोधतं. राज्यभरातले शिक्षक ते बघायला जायचे. पुढे 22 जून 2015 ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. मग काय, गावोगावी फरश्या रंगल्या! काही ठिकाणी तेवढंच झालं. रंग सोपा हो. अधिकाऱ्यानं कागदपत्रांची तपासणी बाजूला ठेवून शिक्षकाशेजारी वर्गात बसायचं, हे अवघड.