लोअर आर्मचा गंजून जाम झालेला बोल्ट घरी कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी रत्नागिरीची, लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, बदलायचेत, आडवा बोल्ट थोडा फिरतो आणि पाना सोडला की परत मागे येतो. गंज सोडवायचा तेलाचा स्प्रे मारून उपयोग झाला नाही, आता पान्याला लांब पाईप लावू का?

पाईप अजिबात लावू नका. तुमचा बोल्ट आट्यांत अडकलेलाच नाही. फिरून मागे येतोय, म्हणजे त्याचा दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजाने धरलाय आणि पिळलं जातंय ते रबर. त्या नळीची दोन्ही टोकं ब्रॅकेटमध्ये दाबून बसलेली असतात, तेल आत शिरणार कुठून? अशात पाईपने जोर केला की बोल्टचं डोकं तुटतं. नाहीतर सबफ्रेमच्या (आर्म ज्यावर बसतो त्या लोखंडी चौकटीच्या) आत वेल्ड केलेला नट सुटून जागच्या जागी फिरायला लागतो, आणि मग सबफ्रेमला भोक पाडून तो धरावा लागतो. तरीही ‘दम लाव, निघेल’ हा सल्ला प्रत्येक गल्लीत मिळतो.

इथे ताकद नाही, धक्के लागतात. सहा कोनांचं सॉकेट घ्या. बारा कोनांचं गंजक्या डोक्यावर घसरून कोपरे गोल करतं. आधी किंचित घट्ट करा, मग सैल, असं इम्पॅक्ट गनने (धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या मशीनने) आलटून पालटून चालवा. गन नसेल तर पान्यावर ताण ठेवून बोल्टच्या डोक्यावर सरळ हातोडा मारा.

तरी नाही निघाला तर कापा. बुश बदलायचेच आहेत, मग जपताय कशाला? नळीचं टोक आणि ब्रॅकेट यांच्या सांध्यावर लोखंड कापायचं बायमेटल पातं चालवून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला की आर्म मोकळा होतो. नटात राहिलेला तुकडा नट तापवून व्हाइस ग्रिपने (घट्ट धरून राहणाऱ्या पकडीने) फिरवा. १२ मिमीचा नट ३०० अंशांनी तापला तर त्याचं भोक जेमतेम ०.०४ मिमी वाढतं, पण गंजाची पकड मोडायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तापवायचा फक्त नट, तोही झटपट. बोल्टही तितकाच तापला तर फायदा गेला.

लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला जोडणाऱ्या बारीक दांडीचा) नट काढताना आतला आटेवाला स्टडच फिरत असेल तर आधी त्याच्या टोकाच्या खाचेतला गंज टोकदार सळीने साफ करा, मगच ॲलन की घाला. खाच गोल झाली तर ग्राइंडर.

नवा बोल्ट कोरडा बसवू नका. मेकॅनिक म्हणतात, ‘ग्रीस लावलं की बोल्ट सैल पडतो.’ चूक. कॉपर ग्रीस फक्त मधल्या गुळगुळीत दांड्यावर लावा. आटे मात्र कोरडेच ठेवा, कारण तिथे ग्रीस असेल तर त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्ट जास्त ताणला जातो. आणि शेवटचा टॉर्क गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्या. चाक लोंबकळत असताना आवळलेला बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो. नवे बुश टिकत नाहीत म्हणून कंपनीला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

हो, आगीचं राहिलं. टॉर्च पेटवण्याआधी स्प्रे पूर्ण पुसा, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर बाजूला बांधा. शॉकअपला आच लागू देऊ नका, आत दाबाखाली तेल आणि बऱ्याचदा गॅस असतो. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तापवला तर विषारी वायू निघतो. हातोडा मारताना गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.