२६ इंची फ्रेमला कार्बन रिजिड फोर्क: चाकाने नाही, लांबीने शोधा

तुम्ही लिहिलंय की मुंबईत भांडुप ते अंधेरी रोज जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) जाता. २६ इंची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, डिस्क ब्रेक, चाकाला साधा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक ॲक्सल), आणि पुढचा १०० मिमी दबणारा शॉकअप गेल्या पावसाळ्यात जाम झाला तो झालाच. त्याच्या जागी लावायला तीन महिने '२६ इंची कार्बन फोर्क' (पुढचं चाक धरणारा चिमटा) शोधताय आणि हाताला काही लागत नाही. सहज लागणारही नाही. एमटीबीचा बाजार २६ इंच सोडून कधीच पुढे गेला. आज जे नवे कार्बन फोर्क येतात ते बहुतेक २९ इंची, खाली जाड होत जाणाऱ्या टेपर्ड स्टीअररचे (फ्रेममधून हँडलपर्यंत जाणारी फोर्कची नळी) आणि १५ मिमी थ्रू ॲक्सलचे (हबमधून आरपार जाणारा जाड ॲक्सल).

म्हणून चाकाचं माप विसरा. तुमच्या फ्रेमला चाकाशी नाही, फोर्कच्या लांबीशी देणंघेणं आहे. ॲक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस (फोर्कच्या माथ्यावरची बेअरिंगची कडी) जिथे बसते तिथपर्यंतचं अंतर, म्हणजे ॲक्सल-टू-क्राउन, हाच खरा आकडा. १०० मिमीच्या २६ इंची शॉकअपमध्ये तो साधारण ४७० ते ४८५ मिमी असतो. आपण बसल्यावर शॉकअप २०-२५ मिमी दबतो, तेवढं वजा करा. उरतात ४४५ ते ४६५. याच टप्प्यातला रिजिड, म्हणजे न दबणारा, फोर्क हवा.

इथे एक गोम आहे. तुमचा शॉकअप जाम आहे, म्हणजे तो अर्धवट दबलेल्या अवस्थेतही अडकलेला असू शकतो. नुसती टेप लावून मोजलंत तर आकडा कमी येईल. आधी चकचकीत नळी किती बाहेर दिसते ते पाहा. शंभरच्या आसपास असेल तर ठीक, सत्तरच दिसत असेल तर मोजलेल्या लांबीत तीस मिळवा.

हे मी इतकं घोळवून सांगतोय कारण मी स्वतः ही चूक केली आहे. मला ४१३ मिमीचा सुंदर जुना फोर्क स्वस्तात मिळाला आणि मी भुललो. पुढचा भाग जवळजवळ सहा सेंटिमीटर खाली आला. ढोबळ हिशेब असा की २० मिमीला हेड अँगल, म्हणजे स्टीअररचा कल, एक अंशाने उभा होतो, म्हणजे माझा तीन अंशांनी झाला. बॉटम ब्रॅकेटही (पॅडलच्या आसाची जागा) सुमारे २० मिमी खाली आला. आरेत वळणावर आतलं पॅडल रस्त्याला घासलं आणि सायकल हातातून सुटता सुटता राहिली. उतारावर तर हँडल इतकं चळायचं की दोन्ही हात आवळून धरावे लागायचे. महिन्याभरात तो फोर्क काढला.

आता लांबी हाच निकष धरला की एक दार उघडतं: २९ इंची चाकासाठी बनलेला, ४६५ मिमीच्या आसपासचा रिजिड फोर्क तुमच्या २६ इंची फ्रेमला चालतो. डिस्क कॅलिपरची जागा हबवरून ठरते, चाकाच्या व्यासावरून नाही, त्यामुळे ब्रेक बरोबर बसतो. व्ही-ब्रेक असता तर हे जमलं नसतं. टायरच्या वर मोकळी जागा दिसेल, पण पावसाळ्यात मडगार्ड लावताना तीच कामाला येते.

दुसरं माप हेड ट्यूबचं, म्हणजे स्टीअरर ज्यातून जातो त्या फ्रेमच्या नळीचं. व्हर्नियर घेऊन जा, किंवा चांगल्या मेकॅनिककडून हेडसेटच्या (तिथल्या बेअरिंगच्या) वाट्या काढून आतला व्यास बघून घ्या. ३४ मिमी असेल तर फक्त सरळ २८.६ मिमीचा स्टीअरर, टेपर्ड विसरा. ४४ मिमी असेल तर खाली बाहेरची वाटी लावून टेपर्डही बसतो आणि निवड एकदम वाढते. फक्त फोर्क थ्रू ॲक्सलचा असेल तर हबही बदलावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

जुना घेणार असाल तर स्टीअररची लांबी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. हेड ट्यूब, हेडसेट, स्पेसर (मधल्या चकत्या) आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) मिळून माझ्या सायकलला २१५ मिमी लागतात. आधीच्या मालकाने १८० वर कापलेला असेल तर तो फोर्क अशा सायकलसाठी भिंतीवर टांगायचा. क्राउनचा सांधा, खालचे ड्रॉपआउट (ॲक्सल बसतो त्या खाचा) आणि स्टेम जिथे आवळला होता तिथला व्रण बॅटरीच्या उजेडात बघा. नाण्याने हळू टिचकी मारत जा, मध्येच आवाज बद्द झाला तर परत द्या. निनावी कार्बन किंवा मोठ्या ब्रँडचं नुसतं स्टिकर चिकटवलेला माल मी घेणार नाही. बाकी काहीही तुटलं तर सायकल थांबते, फोर्क तुटला तर तोंडावर पडायला होतं.

वजनाचं खरं गणितही सांगतो. तुमच्यासारखा साधा शॉकअप अडीच किलोच्या घरात असतो. क्रोमोली स्टीलचा रिजिड सव्वा किलोच्या आसपास, कार्बन ७०० ते ९०० ग्रॅम. म्हणजे मोठी बचत शॉकअप काढल्यानेच होते. कार्बन बारीक थरथर शोषतो, जेव्हीएलआरचे खड्डे नाही. ते काम टायरचं. २.२ इंची टायर ३०-३५ पीएसआयवर चालवा, फरक पहिल्याच दिवशी कळेल. महिन्याभरात नीट मापाचा कार्बन सापडला नाही, तर मी तुमच्या जागी डोळे झाकून क्रोमोली घेईन.

कार्बन मिळालाच, तर स्टीअररमध्ये स्टार नट (नळीत ठोकून बसवायचा दातेरी नट) ठोकू देऊ नका. आपल्याकडे मेकॅनिक सवयीने ठोकतात आणि आतून तडा जातो. आतून फुगून घट्ट बसणारा एक्सपान्डर प्लग वापरा. कापताना टेप गुंडाळून इंचाला ३२ दातांचं पातं, तोंडाला मास्क, पाण्याची धार. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, फोर्कवर किंवा त्याच्या कागदावर लिहिलेल्या आकड्याला, बहुधा ४-५ न्यूटन मीटर. ॲल्युमिनियमचा एक्सपान्डर आपल्या खाऱ्या दमट हवेत कार्बनला धरून गंजतो, म्हणून दर पावसाळा संपला की काढून, पुसून, कार्बन पेस्ट लावून परत बसवा.

शॉकअपची लांबी, उघड्या नळीचं माप आणि हेड ट्यूबचा आतला व्यास, एवढे तीन आकडे इथे टाका. माझ्याकडे दोन-तीन मॉडेलांची मापं लिहून ठेवलेली आहेत, पडताळून सांगतो.