यकृताचा ‘छोटा एमआरआय’: वेळ कमी, मग तपासणीही अपुरी का?

प्रश्न: आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या यजमानांना हिपॅटायटिस बी असून तीन वर्षांपूर्वी सिरॉसिसचे (यकृत कडक आणि खडबडीत होण्याचे) निदान झाले. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. पण मागच्या दोन्ही रिपोर्टमध्ये यकृताचा वरचा भाग नीट दिसला नाही, असा शेरा आहे. आता नाशिकच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (प्रतिमा उठून दिसण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध) देऊन दहा-पंधरा मिनिटांचा छोटा एमआरआय करायला सांगितला आहे. माझ्या जाऊबाईंचा एमआरआय पाऊण तास चालला होता. इतक्या कमी वेळात कर्करोगाची गाठ सापडेल का? आणि त्या इंजेक्शनाने किडनीला धोका नाही ना?

उत्तर: ताई, यंत्र तेच असते, फक्त त्याला विचारायचा प्रश्न लहान केलेला असतो. पूर्ण तपासणीत यकृतातली चरबी, लोह, पित्तनलिका, गाठीचा प्रकार असे सगळेच पाहायचे असते, म्हणून तिला अर्धा-पाऊण तास लागतो. छोट्या एमआरआयमध्ये ‘संशयास्पद गाठ आहे की नाही’ एवढेच विचारायचे असल्यामुळे त्यासाठी लागणाऱ्या मोजक्याच प्रतिमा घेतल्या जातात.

गाठ सापडते ती रक्तपुरवठ्यातल्या फरकामुळे. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. यकृताच्या कर्करोगाची गाठ मात्र बहुतांशी धमनीच्याच रक्तावर पोसते. त्यामुळे हाताच्या शिरेत कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण २० ते ३५ सेकंदांत गाठ आसपासच्या यकृताआधी उजळते, आणि पुढे एक ते पाच मिनिटांत यकृत उजळ होत असताना ती काळवंडत जाते. आधी उजळणे आणि मग काळवंडणे ही जोडी सिरॉसिसच्या रुग्णात इतकी बोलकी असते की, गाठ किमान १ सेंटिमीटरची असेल आणि बाकीचे निकष जुळत असतील, तर पुष्कळदा सुई घालून तुकडा काढण्याची गरजही उरत नाही.

म्हणजे सगळा खेळ त्या काही सेकंदांचा आहे. प्रतिमा लवकर घेतली तर कॉन्ट्रास्ट गाठीपर्यंत पोहोचलेले नसते, उशीर झाला तर यकृतही उजळून गाठ त्यात हरवते. शिवाय हृदयाचा वेग प्रत्येकाचा निराळा. म्हणून कॉन्ट्रास्ट महाधमनीत आलेले पडद्यावर पाहूनच टेक्निशियन पुढची प्रतिमा सुरू करतो. त्याच वेळी कानातल्या हेडफोनवर ‘श्वास घ्या, सोडा, आता रोखून धरा’ अशी सूचना येते आणि पंधरा-वीस सेकंद छाती हलू द्यायची नसते. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला एवढेही जड जाते आणि मग प्रतिमा पाण्यातल्या सावलीसारखी थरथरते. अलीकडच्या जलद पद्धतींचा खरा उपयोग इथे होतो. पूर्वीपेक्षा थोडीच माहिती गोळा करून उरलेली प्रतिमा गणिताने पूर्ण केली जाते, त्यामुळे एकाच श्वासात धमनीच्या टप्प्याच्या, म्हणजे गाठ आधी उजळते त्या वेळच्या, दोन-तीन प्रतिमा मिळतात आणि त्यातली एक तरी वेळेवर पडते. काही यंत्रांवर श्वास चालू असतानाही प्रतिमा घेता येते. यजमानांना आदल्या दिवशी घरीच घड्याळ लावून श्वास रोखण्याचा सराव करायला सांगा. याचा जेवढा उपयोग होतो तेवढा महागड्या यंत्राचाही कधी कधी होत नाही.

सोनोग्राफी वाईट नाही. पण सिरॉसिसमध्ये यकृत खडबडीत होते, त्याचा वरचा भाग फासळ्यांआड जातो आणि आतड्यांतला वायू आडवा येतो. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सुरुवातीच्या अवस्थेतल्या कर्करोगांपैकी नुसत्या सोनोग्राफीला सुमारे ४७ टक्केच सापडले होते; सोबत एएफपी ही रक्ततपासणी केल्यावर हे प्रमाण ६३ टक्क्यांवर गेले. छोट्या एमआरआयच्या २०२१ सालच्या अशाच विश्लेषणात, सुरुवातीच्याच नव्हे तर सगळ्या अवस्थांतले कर्करोग धरून, सापडण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होते. मात्र त्यातले बरेच अभ्यास पूर्ण एमआरआयमधल्या निवडक प्रतिमा वेगळ्या काढून केलेले होते, त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात थोडे कमी धरून चालावे. ज्यांच्या सोनोग्राफीत यकृत नीट दिसत नाही, अशांसाठी हा पर्याय सुचवणे रास्तच आहे, आणि यजमान नेमके त्यात बसतात.

किडनीबद्दल: एमआरआयचे कॉन्ट्रास्ट गॅडोलिनियमचे असते, सीटीसारखे आयोडीनचे नसते; किडनी ठीक असेल तर त्याने सहसा धोका नसतो. ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते याचा, क्रिएटिनिन या रक्ततपासणीवरून काढलेला आकडा) ३० च्या खाली असेल तर जपून औषध निवडावे लागते, म्हणून ताजा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातूची वस्तू असेल तर नाव नोंदवतानाच सांगा.

तपासणीची तारीख लक्षात राहत नाही, अशी तक्रार बागायतदार नेहमी करतात. तुमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत बरोबर सहा महिन्यांचे अंतर असते. छाटणी आटोपली की पुढच्या आठवड्यात तपासणी, असे ठरवून टाका.

प्रश्न: मला फॅटी लिव्हर आहे, सिरॉसिस नाही. मीही हा एमआरआय करून घ्यावा का? (सिडको, नाशिक)

उत्तर: नुसत्या फॅटी लिव्हरसाठी कर्करोग शोधण्याचा एमआरआय सहसा सुचवला जात नाही. आधी फायब्रोस्कॅन करून यकृत किती कडक झाले आहे ते पाहा. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्ततपासण्या केल्या नसतील तर त्याही करून घ्या. कडकपणा फार वाढलेला निघाला, तर पुढची तपासणी कोणती आणि किती दिवसांनी, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.