रोजच्या गाडीचा फोटो कोण काढतं?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : छंदफंद)

प्रश्न : काका, आम्ही रुकडीचे. वडील गेल्या वर्षी वारले. ते रेल्वेत नव्हते, शेती आणि दोन म्हशी एवढंच, पण स्टेशनवर जाऊन गाड्यांचे फोटो काढायचा त्यांना भारी नाद होता. माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात शंभरएक फोटो आणि निगेटिव्हची भेंडोळी सापडलीत, मागं तारीख नाही, नाव नाही. आई म्हणते एकात पण घरचं माणूस नाही, काय करायचंय ठेवून. कुठल्या सालचे आहेत हे कळायला काही मार्ग आहे का? आणि ठेवायचे तर कसे?
— एक वाचक, रुकडी

उत्तर : ताई, आधी तो डबा माळ्यावरून खाली घ्या आणि रद्दीवाल्याच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवा, बाकीचं नंतर बोलू.

तुमच्या वडिलांसारखाच मी पण एक येडा होतो. कॉलेजात असताना मामाचा जुना कॅमेरा मिळाला, आणि रविवारी सकाळी सायकल परीख पुलाजवळ लावून मी स्टेशनात जायचो. कोल्हापूर म्हणजे शेवटचं स्टेशन, पुढं रूळच नाहीत, त्यामुळं गाडी आली की इंजिन सुटणार, पुढं जाणार, शेजारच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागणार, हे ठरलेलं. मला त्याचंच वेड. तो पॉइंट्समन, म्हणजे इंजिन-डबे जोडणारा-सोडवणारा माणूस, इंजिन आणि डब्याच्या मधे आत शिरायचा, पाइप सोडवला की फुस्स करून आवाज यायचा आणि मग इंजिन एकटंच, मागं काही नाही, असं हलत निघायचं, म्हैस दावं सुटल्यावर चालते ना तसं. सकाळची महालक्ष्मी एक्स्प्रेस यायची, कोयना एक्स्प्रेस सुटायची, मिरज पॅसेंजर तर दिवसभर येजा करायची. एका रोलात छत्तीस फोटो, रोल आणि धुलाईचे पैसे शिकवणीच्या कमाईतून, त्यामुळं एक फोटो काढायला मी दहा मिनिटं विचार करायचो आणि तरी निम्मे हललेले यायचे. घरचे म्हणायचे, अरे तीच गाडी उद्या परत येणारे, फोटो कशाला? त्यांचं चुकत नव्हतं. उद्या येणारच म्हणून कोणी काढत नव्हतं, आणि म्हणून आज त्या पॅसेंजरचा फोटो शोधायला गेलं तर मिळत नाही, उद्घाटनाच्या हारवाल्या गाड्यांचे मात्र ढीगभर मिळतात.

आता साल ओळखायचं. पहिलं रुळाकडं बघा. आपली मिरज–कोल्हापूर लाइन १८९१ ला सुरू झाली ती कोल्हापूर संस्थानच्या पैशातून, आणि ती होती मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. ब्रॉडगेज झाली १९७१ ला, हे अंतर १६७६ मिलिमीटर. फोटोत रूळ अरुंद आणि डबा त्यावर बाहेर आल्यासारखा दिसत असेल, आणि जागा रुकडी किंवा कोल्हापूरच आहे अशी खात्री असेल, तर फोटो एकाहत्तरच्या आधीचा. पण मिरजेला फसू नका हां, मिरजेत एकेकाळी तिन्ही गेज होती, ब्रॉड, मीटर आणि कुर्डुवाडीकडं जाणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरो, म्हणजे सगळ्यात अरुंद, त्यामुळं तिथल्या फोटोवरून असा निकाल लावता येत नाही.

दुसरं म्हणजे डब्यांचा रंग. रंगीत फोटो असतील तर सोपं. विटकरी-तपकिरी डबे असतील तर ते व्हॅक्यूम ब्रेकच्या (पाइपातली हवा ओढून चालणाऱ्या जुन्या ब्रेकच्या) काळातले, आणि निळे म्हणजे एअरब्रेकवाले (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे), ते नव्वदच्या दशकात यायला लागले. मधली काही वर्षं दोन्ही दिसायचे, एकाच फोटोत दोन रुळांवर दोन रंग असले तर समजायचं की तो त्या मधल्या काळातला, मला तर असे फोटो सगळ्यात जास्त आवडतात. पण एक सांगतो, जुने रंगीत प्रिंट लालसर, पिवळट पडतात, त्यामुळं निळा डबा कधी कधी जांभळा दिसतो, निगेटिव्ह बघूनच ठरवा.

तिसरं, गाडीची पाटी. डब्यावरची पाटी भिंगातून वाचता येते का बघा. नंबर पाच आकडी असेल तर फोटो २० डिसेंबर २०१० नंतरचा, त्या दिवसापासून सगळ्या गाड्यांना पाच आकडे लागले. महालक्ष्मी आता १७४११, आधी नुसती ७४११ होती. तो सात का, तर आपण तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होतो, सात हा तिचा आकडा. आता आपण मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहोत तरी महालक्ष्मीनं माहेरचा आकडा सोडलेला नाही. पाटीवर ‘बॉम्बे व्हीटी’ (व्हिक्टोरिया टर्मिनस) लिहिलेलं असलं तर नव्वदच्या दशकाच्या मध्याच्या आधीचा फोटो समजा, बॉम्बेचं मुंबई १९९५ ला झालं आणि व्हीटीचं सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) त्याच्या पुढच्या वर्षी. डिझेल इंजिनावर नंबर आणि शेडचं (इंजिन जिथं ठेवतात, दुरुस्त करतात त्या जागेचं) नाव रंगवलेलं असतं, ते वाचता आलं तर दुधात साखर.

आईंना मात्र वेगळं काम द्या. भिंग हातात द्या आणि म्हणा गाडी सोडून बाकीचं बघ. मी माझे फोटो वीसएक वर्षांनी स्कॅन केले तेव्हा एका फोटोत, इंजिन तर हललेलंच होतं, पण कोपऱ्यात प्लॅटफॉर्मवर गुळाचे रवे (ढेपा) एकावर एक लावलेले, वर किलतान (गोणपाट) टाकलेलं, आणि त्या ढिगाला टेकून एक हमाल चप्पल डोक्याखाली घेऊन गाढ झोपलेला. मी तेव्हा त्याला बघितलंच नव्हतं, माझा सगळा जीव इंजिनात. गुळावर बसलेल्या माशापण दिसतात, खोटं नाही सांगत. आईंना त्या फोटोत म्हशींच्या दुधाची किटली, नाहीतर तुम्हीच शाळेच्या गणवेशात बाकावर बसलेल्या सापडाल, मला तरी तसं वाटतं.

ठेवायचं कसं, तर पत्र्याचा डबा बंद. पत्रा गंजतो आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीच आहे, बुरशी लागायला आठवडा पुरतो. निगेटिव्हला बोट लावू नका, कडेनं धरा, भेंडोळी जबरदस्तीनं उलटी गुंडाळून सरळ करू नका. पाच-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून कागदी पाकिटात घाला, फोटोच्या मधोमध कात्री चालवू नका एवढं बघा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फोटोचा नंबर छापलेला असतो, पाकिटावर तो लिहा, एका रोलचे फोटो एकत्र राहिले तर एकाचं साल कळलं की बाकीच्यांचं आपोआप कळतं. स्कॅन करायला दिलात तर समोर बसून करून घ्या. मी एका स्टुडिओत विश्वासानं टाकून आलो होतो, परत मिळाले तेव्हा दोन रोलांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा, आणि वर मलाच म्हणे तुमचे आधीपासूनच असे होते.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचा अल्बम भिजला होता. फोटो प्लास्टिकला चिकटून वाळलेत. ओढून काढू का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अजिबात ओढू नका, वरचा थर प्लास्टिकवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. आधी आहे तसा प्लास्टिकवरूनच स्कॅन करा किंवा फोटो काढा, म्हणजे काहीतरी हातात राहील. मग ज्याचं काही वाटणार नाही असा एक फोटो (प्रत्येक अल्बमात कुणाच्या तरी लग्नातला पंगतीचा असतोच) थंड स्वच्छ पाण्यात भिजवून बघा, सुटतोय का. सुटला तर पुढं जा, रंग पाण्यात उतरायला लागला तर तिथंच थांबा. वाळवताना चित्र वर करून सावलीत, ड्रायर नको. आणि देव न करो पण परत पाणी आलं तर भिजलेले फोटो एकमेकांवर वाळू देऊ नका, लगेच सुटे करा, तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, तिथं ते खराब न होता थांबतात.

प्रश्न : सर मी फर्स्ट इयरला आहे, मोबाईलवर ट्रेन फोटोग्राफी करतो. वंदे भारतचे लई फोटो काढले. आता वेगळं काय काढू? रुळात उतरून लो अँगल घेतला तर चालतो का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : नाही चालत भावा. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमात सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायदा राहू दे बाजूला, विजेची इंजिनं फारसा आवाज न करता येतात, आमच्या डिझेलसारखी दोन किलोमीटरवरून वर्दी देत नाहीत. वर तारेत २५ हजार व्होल्ट आहेत, सेल्फी स्टिक उंच करून टॉप अँगल पण नको. प्लॅटफॉर्मवर गुडघ्यावर बस, तेवढा लो अँगल पुरतो. ट्रायपॉड किंवा मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना जाऊन विचार, नीट विचारलं तर वाद होत नाही.

वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हापासून अख्ख्या कोल्हापूरनं काढलीय, तू नाही काढलीस तर तिचं काही अडत नाही. तू मिरज पॅसेंजर काढ. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर असं एकेक रविवारी एक स्टेशन घे. वळिवड्याला उतरलास तर जाता जाता आठवण ठेव, दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेले हजारो निर्वासित १९४३ ते ४८ तिथं राहिले होते, त्यांच्या छावणीचं स्टेशन तेच. रुकडीच्या अलीकडं पंचगंगेचा पूल आहे, पुलावर जायचं नाही, लांबून काढ. आणि तिकीट खिडकी, पाण्याची टाकी, वेळापत्रकाचा फळा, बाकावर टिफिन खाणारी माणसं, हे सगळं काढ, माणसांना विचारून काढ. फाईलला तारीख आणि स्टेशनचं नाव घालून ठेव, म्हणजे पुढं कोणाला असं पत्र पाठवायची वेळ येणार नाही.

प्रश्न : तुमचा स्वतःचा आवडता फोटो कोणता?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : सदतिसावा. रोल छत्तीसचा असला तरी जपून भरला की शेवटी एक जादा निघायचा, अर्धा जळालेला का असेना. कोयना सुटली होती, मला वाटलं रोल संपला, तरी खटका दाबला तर दाबला गेला. डावीकडं सगळं पांढरं आणि उजवीकडं शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड, हिरवा झेंडा अर्धा गुंडाळलेला, माझ्याकडंच बघतोय. हात वर केलाय त्यानं, बाय करतोय का हाकलतोय ते अजून कळलेलं नाही.