वाचक विचारतात : परदेशप्रवासाच्या घरगुती चित्रफिती

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८८ ते १९९६ या काळात अमेरिका आणि युरोपातील प्रवासात केलेल्या चित्रणाच्या पुष्कळ कॅसेट घरात पडून आहेत. काही व्हीएचएस आहेत, तर काही लहान आकाराच्या आहेत. त्यांपैकी एक व्हीसीआरवर लावून पाहिली, तेव्हा चित्र कृष्णधवल दिसले आणि सारखे वर सरकत राहिले. ती खराब झाली असे समजावे का? वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या भावंडांना हे चित्रण दाखवण्याची माझी इच्छा आहे.

उत्तर : कॅसेट खराब झाली असेलच असे नाही. कॅमेरा अमेरिकेत विकत घेतलेला असेल, तर त्याने एनटीएससी पद्धतीने, म्हणजे ५२५ रेषांत आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे या गतीने मुद्रण केलेले असणार; आपला व्हीसीआर ६२५ रेषा आणि २५ चित्रे या पाल पद्धतीचा असेल, तर अशी कॅसेट त्यावर नेमकी आपण वर्णन केल्यासारखीच दिसते. दोन्ही पद्धती वाचू शकणारे यंत्र ज्याच्याकडे आहे, अशाच व्यावसायिकाकडे या कॅसेटचे डिजिटल रूपांतर करण्याचे काम सोपवावे. विलंब मात्र करू नये, कारण फितीवरील चुंबकीय थर काळाबरोबर झिजतो आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या कंपन्यांपैकी एक असलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैमध्ये त्यांचे उत्पादन थांबवले.

देण्यापूर्वी प्रत्येक व्हीएचएस कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडलेली आहे ना, हे पाहावे. ती शाबूत असेल तर चुकून मूळ चित्रणावरच नवे मुद्रण होऊ शकते. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट कोणत्याही यंत्रात घालू नये. यंत्राचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, त्या बुरशीने माखते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही बिघडतात. रूपांतर झाल्यावर डीव्हीडीवर समाधान न मानता संगणकावर उघडणाऱ्या फाइली मागून घ्याव्यात, त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नयेत.

भावंडांना पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवल्यास तो आकुंचित होतो, आणि मुळातच धूसर असलेले जुने चित्रण त्यात आणखी बिघडते. तोच व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, किंवा क्लाउडवर ठेवून केवळ भावंडांच्या खात्यांना तो पाहण्याची परवानगी द्यावी.

प्रश्न : आम्ही सहलीचे चित्रण नातेवाइकांना दाखवतो, परंतु थोड्याच वेळात सगळे चुळबुळ करू लागतात. आमचे काय चुकते?

उत्तर : बहुधा आपण त्यांना सगळेच दाखवता. आयफेल मनोरा किंवा नायगाराचा धबधबा आपल्यापेक्षा सरस कॅमेऱ्यांनी असंख्य वेळा टिपलेला आहे आणि पाहणाऱ्याने तो पूर्वीच पाहिलेला असतो. हातातील कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत घेतलेली इमारतींची लांबलचक दृश्ये तर, स्पष्ट सांगायचे तर, ती घेणाऱ्यालाही पुन्हा पाहवत नाहीत. याउलट नकाशा उलटा धरून चाललेला वाद, अनोळखी नाणी मोजताना उडालेली तारांबळ, गाडी चुकल्यावरचे चेहरे, खोलीच्या खिडकीतून दिसणारा साधा रस्ता, हे अन्यत्र कुठेही मिळणार नाही. संकलन करताना अशा तुकड्यांना प्राधान्य द्यावे आणि एका देशाची चित्रफीत दहा मिनिटांच्या आत आटोपावी. मूळ चित्रणाला मात्र कात्री लावू नये. जे आज निरर्थक वाटते, त्यातील पाटी, वाहन किंवा दुकान उद्या कोणाला तरी हवे असते.

दुसरी उणीव आवाजाची असते. जुन्या ८ मिलिमीटर फिल्मवर बहुधा आवाज नसतोच, आणि कॅसेटवर असतो तो मुख्यतः वाऱ्याचा. प्रवास केलेल्या ज्येष्ठांना पडद्यासमोर बसवून, चित्रण चालू असताना ते जे सांगतील ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि संकलित चित्रफितीला जोडावे. लिहून काढलेले निवेदन वाचायला लावू नये, त्यात ती माणसे हरवतात. हे काम संकलनाच्याही आधी उरकावे, असे माझे मत आहे, कारण कोणता तुकडा ठेवावा हे त्यांच्या बोलण्यातूनच कळते.

प्रश्न : यूट्यूबवर कौटुंबिक चित्रण ठेवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ शोधात सापडत नाही, पण दुवा हाती आलेला कोणीही तो पाहू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो, 'प्रायव्हेट' ठेवल्यास आपण निवडलेल्या खात्यांपुरताच तो राहतो. चित्रणात इतरांची मुले असतील तर त्यांच्या पालकांना आधी विचारावे. चालू प्रवासातील दृश्ये परत आल्यावरच सर्वांसमोर ठेवावीत, अन्यथा घर रिकामे असल्याची ती जाहिरातच ठरते. पार्श्वभूमीला लोकप्रिय गाणे जोडल्यास यूट्यूबची स्वयंचलित तपासणी ते ओळखते, आणि हक्कधारकाच्या इच्छेनुसार व्हिडिओ अडवला जाऊ शकतो किंवा त्यावर जाहिराती लागू शकतात.