पहिला सौदा करण्याआधी

सेंद्रिय मालाच्या धंद्यात नवीन आहेस, म्हणून आधी हे सांगतो: भावाची घासाघीस करण्यापूर्वी पुरवठादाराच्या शेतावर जाऊन ये. रासायनिक शेती सोडल्यापासून माल सेंद्रिय म्हणून विकता येईपर्यंत साधारण 2 ते 3 वर्षं जातात. त्या काळात उत्पन्न बहुधा घटतं आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. एवढं सोसलेल्या माणसाला ऐन काढणीत दर पाडायला सांगितलंस, तर पुढच्या हंगामात तो तुझा फोन उचलणार नाही. किती माल, कोणत्या प्रतीचा, पैसे किती दिवसांत, हे पेरणीआधीच लिहून ठरव.

कागद मात्र दर खेपेला तपास, ओळख कितीही जुनी असो. सेंद्रिय प्रमाणपत्रात ते पीक आहे का, मुदत संपली नाही ना, पोत्यावरचा लॉट नंबर (त्या खेपेच्या मालाचा ओळख क्रमांक) कागदाशी जुळतो का. माझ्या एका खेपेत शेवटचे दोन अंक उलटसुलट पडले होते. दुरुस्त कागद येईपर्यंत ट्रक दारात उभा! मी पुरवठादारावर ओरडलो, त्याचं आजही वाईट वाटतं.

नमुन्यात कीटकनाशकाचा अंश सापडला, तर माल बाजूला ठेव, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळव, पण आरोप करण्याआधी पुरवठादाराशी बोल. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्यानेही येते.