वाचक विचारतात : जपानमधलं रिकामं घर

प्रश्न : मुलगा नागोयाला नोकरीत आहे. जवळच्या डोंगरातल्या गावात त्याला १९७३चं लाकडी घर पाच लाख येनला मिळतंय, म्हणजे आपल्या तीन लाखांच्या आत-बाहेर. एवढ्यात इथे प्लॉटही येत नाही. काही खोट असेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : फसवणूक असेलच असं नाही. २०२३च्या मोजणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. अशा घराला तिथे 'आकिया' म्हणतात. बऱ्याच नगरपालिका 'आकिया बँक' या नावाने त्यांची यादी ठेवतात. परदेशी माणसाला घर आणि जमीन दोन्ही मालकीने घेता येतात.

पण बयाणा देण्याआधी कागद पाहा. आपल्याकडे सातबाऱ्यावर मयत आजोबांचंच नाव राहतं, तसंच तिथेही होतं. वारसनोंद सक्तीची झाली ती एप्रिल २०२४पासून. एका वारसाचीही सही राहिली तर व्यवहार अडतो. दुसरं, रस्ता. किमान चार मीटर रुंद रस्त्याला प्लॉट दोन मीटर तरी लागून हवा. तसा नसेल तर घर पाडून नवं बांधायला सहसा परवानगी मिळत नाही, आणि फार स्वस्त घरांत हीच अडचण वारंवार निघते. सोबत शेताचा तुकडा असेल तर त्याला शेती समितीची वेगळी परवानगी लागते.

भूकंपाचे कडक नियम १ जून १९८१पासूनचे. तुमचं घर त्याआधीचं, म्हणून भूकंप-तपासणी करून घ्याच. अनेक ठिकाणी तपासणीला आणि मजबुतीला अनुदान मिळतं, मात्र अर्ज कामाआधी करावा लागतो. काम सुरू केलं की अनुदान गेलं. आणि जुलै २०२४पासून ८० लाख येनपर्यंतच्या घराला दलाल करासह ३ लाख ३० हजार येनपर्यंत दलाली घेऊ शकतो, तीही हिशेबात धरा.

प्रश्न : मी सुतार आहे. भाच्याने असंच घर घेतलंय, ते पाहायला जातोय. काय तपासू?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : आधी खाली, मग वर. स्वयंपाकघरात बहुधा जमिनीला झाकण असतं. ते उचलून बॅटरी घेऊन आत उतरा. पायावरच्या आडव्या तुळईला स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. दगडावरून वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. न्हाणीघर आणि मोरीच्या बाजूला जास्त वेळ द्या, कारण तिथली नेहमीची वाळवी बहुधा ओल्या लाकडाला लागते. नंतर भिंतीतल्या कपाटाच्या वरची फळी सरकवून छताचं लाकूड पाहा. काळे डाग म्हणजे गळती. आधी कौलं दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. जमिनीचा उतार लेव्हलने तीन मीटर अंतरावर मोजा. १८ मिलिमीटर किंवा जास्त निघाला, तर पाया वा खांबात दोष असण्याची शक्यता मोठी.

सर्वांत मोठी चूक भिंतींत होते. जुन्या घराच्या भिंती बांबूच्या जाळीवर माती लिंपून केलेल्या असतात. त्या ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल कोंडते आणि आतल्या खांबाचा बुंधा कुजतो. आपल्या धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंतीला सिमेंट लावल्यावर पोपडे सुटतात, तोच हा प्रकार. माती किंवा चुनाच वापरा, आणि घराखालची हवेची भोकं कधीही बुजवू नका.

विजेच्या तारांचं काम तिथे परवानाधारकाकडूनच करवावं लागतं. गावात गटार नसेल तर सेप्टिक टाकीची अवस्था विचारा. काही घरांत अजून उपसायचा संडास असतो. आणि तुम्ही पर्यटक म्हणून जात असाल तर मजुरी घेऊन काम करता येणार नाही.

प्रश्न : घर घेतलं की तिथे राहायची परवानगी मिळते का? पैसे इथून पाठवता येतात का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : घरावरून व्हिसा मिळत नाही. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बँकेमार्फत पाठवता येतात आणि त्यात परदेशातलं घर बसतं. १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधी कापते, तो विवरणपत्रात वळता होतो. त्याच विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात हे घर दाखवायलाच हवं.